यॉर्कशायर पुडिंग बसतं, कस्टर्ड फाटतं, चिप्स पेट घेतात: ब्रिटिश घरगुती पदार्थ नेमके कुठे फसतात?

ऑगस्ट २०१४. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या टीव्ही स्पर्धेत एका स्पर्धकाचं आइस्क्रीम वेळेत घट्ट झालं नाही. भाऊ इतके वैतागले की त्यांनी अख्खा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परीक्षकांसमोर प्लेटऐवजी तो डबाच नेऊन ठेवला. ते स्पर्धेतून बाद झाले. त्यांचं आइस्क्रीम फ्रीझरमधून कोणी आणि किती वेळ बाहेर काढलं, यावर ब्रिटनमध्ये सोशल मीडियावर रणकंदन झालं, बीबीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या आणि प्रकरणाला 'बिनगेट' असं नावही पडलं.

एका फसलेल्या पदार्थावर अख्खा देश भांडतो, कारण हे प्रत्येकाच्या घरात घडलेलं असतं. त्यातही गंमत अशी की ब्रिटिशांचे जे सगळ्यात साधे, थंडीत मायेने खाल्ले जाणारे, 'आईच्या हातचे' म्हणावेत असे पदार्थ आहेत, तेच सगळ्यात जास्त फसतात. साहित्य चार-पाच गोष्टींचं, कृती दोन ओळींची, आणि तरीही गडबड होते. ही गडबड नेमकी का होते, ते बघूया.

यॉर्कशायर पुडिंग फुगत का नाही?

आधी एक गैरसमज दूर करू. पुडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोड पदार्थ येतो. यॉर्कशायर पुडिंग अजिबात गोड नसतं. मैदा, अंडी, दूध आणि मीठ यांचं धिरड्यासारखं सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये भाजतात. बाहेरून कुरकुरीत, मध्ये खोलगट वाटी. त्या वाटीत ग्रेव्ही भरायची आणि रविवारच्या भाजलेल्या मांसासोबत खायचं.

हा पदार्थ जन्माला आला तो काटकसरीतून. पूर्वी मांस विस्तवासमोर सळईवर फिरवत भाजायचे. त्यातून गळणारी चरबी वाया जाऊ नये म्हणून खाली पिठाचं भांडं ठेवायचे. या चरबीला ड्रिपिंग म्हणतात. १७४७ साली हॅना ग्लास यांच्या 'द आर्ट ऑफ कुकरी' या पुस्तकात ही कृती यॉर्कशायर पुडिंग या नावाने छापली गेली. पुडिंग आधी वाढायची पद्धत होती. मांस महाग, पीठ स्वस्त. आधी पुडिंगने पोट भरलं की मांस कमी लागायचं. सरळ हिशोब.

आता फुगण्याकडे येऊ. यात बेकिंग पावडर नसते, यीस्ट नसतं. सगळं काम वाफ करते. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,७०० पट जागा लागते. पीठ तापलेल्या चरबीत पडताच बाहेरचा थर लगेच धरतो, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं, आणि त्या ओढाताणीत पीठ भिंतींसारखं वर चढतं. मग अंड्यातली आणि मैद्यातली प्रथिनं शिजून त्या भिंती कडक होतात.

म्हणजे फसण्याच्या जागा तीनच. चरबी पुरेशी तापलेली नव्हती. ओव्हन पुरेसा गरम नव्हता, कारण इथे २२० ते २३० अंश सेल्सिअस लागतात. किंवा तुम्ही मध्येच दार उघडलंत.

तिसरं कारण मी स्वतः सिद्ध केलं आहे. घरच्या छोट्या ओटीजीत पुडिंग मस्त वर येत होती, म्हणून रील करायला बाराव्या मिनिटाला दार उघडलं. कॅमेऱ्यासमोरच एकेक करून सगळी बसली. गार हवा आत शिरली, वाफ निवली आणि भिंती अजून कच्च्याच होत्या. रील टाकलं नाही, पुडिंग खाल्ली. पहिली वीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासून पाठ आहे.

प्रमाण सोपं आहे: मैदा, अंडी आणि दूध, तिन्ही आकारमानाने सारखं. म्हणजे एक वाटी फोडलेली अंडी, तर एक वाटी मैदा आणि एक वाटी दूध. पीठ अर्धा तास झाकून ठेवलं तर बरं. बटर वापरू नका. त्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, तो या तापमानाला करपतो. आपलं साजूक तूप मात्र चालतं, कारण ते बरंच तापेपर्यंत जळत नाही. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर हा पदार्थ होत नाही. तिथे कोरडी, झणझणीत उष्णताच मिळत नाही.

इंग्लंडमध्ये हा विषय किती गांभीर्याने घेतात? २००८ साली तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने जाहीर करून टाकलं की चार इंचांपेक्षा कमी उंचीच्या पुडिंगला यॉर्कशायर पुडिंग म्हणता येणार नाही. चार इंच म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. म्हणजे घरोघरची निम्मी पुडिंग नापास, असा माझा अंदाज.

याच पिठात सॉसेज घालून भाजले की त्याला 'टोड इन द होल' म्हणतात. शब्दशः बिळातला बेडूक. बेडूक नसतो, काळजी नसावी.

मॅश चिकट का होतो?

'शेफर्ड्स पाय' आणि 'कॉटेज पाय' हे दोन पदार्थ दिसायला जुळे. खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा म्हणजे मॅशचा थर, आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, म्हणून त्यात मेंढीचं मांस. कॉटेजमध्ये बीफ. हा फरक आज काटेकोरपणे सांगतात, पण नावं एकाच वेळची नाहीत. कॉटेज पाय हे नाव १७९१ पासून आढळतं, शेफर्ड्स पाय बरंच नंतर, १८५४ च्या सुमारास. रविवारच्या भाजलेल्या मांसातून जे उरलं त्याचं सोमवारी हे करायचं, असा मूळ मामला.

हा पदार्थ बिघडतो तो मॅशमध्ये. घाई असते, माणूस उकडलेले बटाटे मिक्सरमध्ये फिरवतो आणि झाकण उघडतो तर आत डिंक. बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्च असतो, तो उकडताना पाणी पिऊन फुगतो. हाताने कुस्करलं तर पेशी एकमेकींपासून नुसत्या सुट्या होतात. मिक्सरचं पातं त्या फोडतं, सगळा स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार होते. एकदा खळ झाली की तिचा परत मॅश होत नाही.

मग काय वापरायचं? मराठी स्वयंपाकघरात यासाठी अगदी फिट्ट साधन आहे: पुरणयंत्र. उकडलेला बटाटा गरम असताना पुरणयंत्रातून काढला की गुठळी राहत नाही आणि पेशीही फारशा फुटत नाहीत. आधी बटर मिसळायचं, मग गरम दूध. बटाटे चिरून थंड पाण्यात घालून उकळायला ठेवायचे, पाणी काढून टाकल्यावर दोन मिनिटं तसेच वाफ जाऊ द्यायची, नाहीतर मॅश पाणचट होतो. जातही महत्त्वाची. ब्रिटनमध्ये यासाठी 'मारिस पायपर' किंवा 'किंग एडवर्ड' हे पिठूळ बटाटे घेतात. नवे, चिकट बटाटे मॅशला घेऊ नयेत.

दुसरी गडबड म्हणजे खिमा गरम असतानाच वर मॅश पसरणं. तो खिम्यात बुडतो आणि ओव्हनमध्ये रस्सा उकळून वर येतो. खिमा आधी निवू द्यायचा. मॅशवर काट्याने रेघा ओढायच्या, त्यांच्या कडा छान तांबूस होतात.

कस्टर्डचे दोन नियम, आणि ते एकमेकांच्या उलट

कस्टर्डवर इंटरनेटवर जितके सल्ले आहेत, त्यातले निम्मे एकमेकांच्या विरोधात आहेत. कारण कस्टर्ड नावाचे दोन वेगळे पदार्थ आहेत.

जुनं इंग्लिश कस्टर्ड म्हणजे अंड्याचा बलक, दूध, साखर आणि व्हॅनिला. ते बलकातल्या प्रथिनांमुळे दाट होतं. साधारण ७० अंशांच्या पुढे दाटपणा यायला लागतो, ८५ च्या आसपास गेलं की प्रथिनं आखडतात आणि कस्टर्ड फाटतं. गोड अंडाभुर्जीच म्हणा. म्हणून ते उकळू द्यायचं नाही. फाटायला लागलंय असं वाटताच भांडं गॅसवरून उतरवून कस्टर्ड थंड भांड्यात ओतायचं आणि जोरात फेटायचं. सुरुवात असेल तर वाचतं.

पावडरचं कस्टर्ड मात्र उकळावंच लागतं. ते दाट होतं कॉर्नफ्लोअरमुळे, आणि स्टार्च नीट शिजला नाही तर कच्चट लागतो. इथली नेहमीची चूक म्हणजे पावडर थेट गरम दुधात टाकणं. कणांचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो, आत कोरडी पावडर अडकते, गुठळी तयार. म्हणून पावडर आधी थंड दुधात कालवायची.

ही पावडर शोधली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी, १८३७ साली. ते औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंड्याची ॲलर्जी होती, म्हणून त्यांनी बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. एका बाईच्या तब्येतीसाठी केलेली ही सोय पुढे इतकी पसरली की आज ब्रिटनमध्ये अनेकांना कस्टर्ड म्हटलं की हीच चव आठवते. आपल्याकडे तर कस्टर्ड म्हणजे पावडरचंच. पुण्याच्या वेकफील्ड कंपनीचा डबा कित्येक मराठी घरांत असतो. फरक एवढाच की आपण त्यात केळी-द्राक्षं घालून फ्रीजमध्ये गार करतो, आणि ब्रिटिश ते गरमागरम, ॲपल क्रम्बलवर किंवा वाफवलेल्या पुडिंगवर ओततात.

'चुकून झालं आणि हिट झालं' या गोष्टी खऱ्या असतात का?

तुम्ही हे रील नक्की पाहिलं असेल: 'एका स्वयंपाकिणीची चूक झाली आणि जगप्रसिद्ध पदार्थ तयार झाला!' ब्रिटिश पदार्थांबद्दल अशा कथांचा सुकाळ आहे.

डर्बीशायरमधल्या बेकवेल गावाचं 'बेकवेल पुडिंग' घ्या. कथा अशी की गावातल्या खानावळीत मालकिणीने जॅम टार्ट करायला सांगितलं, स्वयंपाकिणीने अंड्याचं मिश्रण पारीत मिसळायच्या ऐवजी जॅमवरच ओतलं, आणि पाहुण्यांना ते फार आवडलं. ही घटना कोणी १८२० ची सांगतं, कोणी १८६० ची. आता १८६० ची मानावी तर अडचण अशी की एलायझा ॲक्टन यांच्या १८४५ च्या पुस्तकात बेकवेल पुडिंगची कृती आधीच छापलेली आहे. म्हणजे चूक होण्याच्या पंधरा वर्षं आधी तिची रेसिपी!

स्ट्रॉबेरी, क्रीम आणि मेरिंगचा चुरा असलेल्या 'ईटन मेस'ची गोष्ट आणखी भारी. ईटन शाळेच्या सहलीत लॅब्राडॉर कुत्रा गोड पदार्थाच्या टोपलीवर बसला, आणि जो चेंदामेंदा झाला तोच सगळ्यांनी खाल्ला. ही गोष्ट १९२० च्या दशकातली सांगतात. पण ईटन मेस हे नाव १९ व्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होतं. कुत्रा निर्दोष.

तिसरी कथा तर भारताशी जोडलेली. वूस्टरशायर सॉस म्हणे बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड सँडिस यांनी ली आणि पेरिन्स या औषधविक्रेत्यांकडून बनवून घेतला, तो इतका वाईट झाला की पिंप तळघरात टाकून दिलं, आणि बऱ्याच काळाने उघडलं तर चव अफलातून. सॉस १८३७ पासून विकला जातोय हे खरं. पण लॉर्ड सँडिस नावाचा बंगालचा गव्हर्नर कधी झालाच नाही. आंबवल्याने चव सुधारते यात शास्त्र आहे, पण कथेतलं बाकीचं सामान विक्रीसाठी सजवलेलं दिसतं.

जाता जाता: या सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात. आणि हा मुद्दा निघालाच आहे तर शाकाहारी मंडळींनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. वाफवलेल्या गोड पुडिंगमध्ये बऱ्याचदा 'सूएट' असतं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. वनस्पती सूएटही मिळतं, पण पाकीट वाचावं लागतं. आणि यॉर्कशायरसह उत्तर इंग्लंडमधल्या अनेक दुकानांत चिप्स आजही बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात. 'फक्त चिप्स' मागवले म्हणजे शाकाहारी झालं असं नाही. विचारून घ्या.

एक अंडं, एक आठवडा

पदार्थ फसला तर आज आपण स्टोरी टाकतो आणि ऑर्डर करतो. ब्रिटनमध्ये एक काळ असा होता की हे परवडणारं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, ८ जानेवारी १९४० पासून तिथे रेशनिंग सुरू झालं. प्रमाण कमी-जास्त व्हायचं, पण साधारणपणे मोठ्या माणसाला आठवड्याला ५५-६० ग्रॅम बटर, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि एक ताजं अंडं मिळायचं. तेही उपलब्ध असेल तर. त्या घरात केक मधोमध बसला म्हणजे आठवड्याचं अंडं गेलं.

म्हणून सरकारच लोकांना स्वयंपाक शिकवायला लागलं. बीबीसी रेडिओवर रोज सकाळी 'द किचन फ्रंट' हा कार्यक्रम लागायचा. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने 'वूल्टन पाय' आला: बटाटे, गाजर, फ्लॉवर, ओट्स, मांस शून्य. लंडनच्या सॅवॉय हॉटेलच्या मुख्य शेफने तो तयार केला होता, तरी लोकांनी नाकं मुरडलीच. ॲपल क्रम्बल मात्र टिकला. पारी लाटायला जितकी चरबी लागते तितकी क्रम्बलच्या चुऱ्याला लागत नाही, त्यामुळे युद्धकाळात तो घरोघरी पोचला असं मानलं जातं. रेशनिंग पूर्ण उठलं ४ जुलै १९५४ ला. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती.

ज्या गडबडीवर हसता येत नाही

आता चिप्स. ब्रिटनमध्ये चिप्स म्हणजे बटाट्याच्या जाड, तळलेल्या फोडी. युद्धातही फिश अँड चिप्सवर रेशन लागलं नव्हतं, इतका तो गरजेचा मानला गेला. घरात ते 'चिप पॅन'मध्ये तळायचे: खोल पातेलं, आत जाळीची टोपली आणि भरपूर तेल किंवा चरबी.

हेच पातेलं ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं घरं जाळत होतं. चिप्स तळायला साधारण १८० ते १९० अंश पुरतात. तेल गॅसवर ठेवून माणूस टीव्हीसमोर बसला, किंवा रात्री पबमधून येऊन तेल तापत ठेवून झोपी गेला, की तापमान चढत जातं. आधी धूर, मग साडेतीनशे अंशांच्या आसपास तेल ठिणगीशिवाय स्वतःच पेटतं.

आणि घाबरलेला माणूस त्यावर पाणी ओततो. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि जळत्या तेलाखाली क्षणात वाफ होतं. तेच १,७०० पटींचं गणित. जी वाफ पुडिंग फुलवते, तीच इथे पेटलेलं तेल छतापर्यंत उडवते. १९७० आणि ८० च्या दशकांत ब्रिटिश सरकारने याबद्दल टीव्हीवर खास छोट्या फिल्म दाखवल्या. त्या आजही ऑनलाइन पाहता येतात, आणि त्यातला आगीचा लोळ पाहिल्यावर विसरता येत नाही. १९७९ मध्ये मकेनचे ओव्हन चिप्स आले, पुढे तापमान आपोआप थांबवणारे फ्रायर आले, आणि चिप पॅन मागे पडत गेलं. तरी इंग्लंडमध्ये घरांत अपघाताने लागणाऱ्या आगींमध्ये सर्वाधिक आगी आजही स्वयंपाकाच्या उपकरणांमुळेच लागतात.

आपल्या कढईतल्या तेलालाही हेच लागू आहे. भांडं एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. धूर दिसला की गॅस बंद करा आणि तेल निवू द्या. पेट घेतलाच तर पाणी नाही, आणि भांडं उचलून बाहेर न्यायचंही नाही. ज्वाळेवरून हात न नेता गॅस बंद करता आला तर करा, नाहीतर तोही सोडा. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि फोन करा: ब्रिटनमध्ये ९९९, भारतात ११२ किंवा १०१.

तिकडे शिकायला गेलेल्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट. फोडणी टाकली की स्मोक अलार्म कोकलतो, शेजारचे बाहेर येतात, आणि मग कोणीतरी अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधतं. असं करू नका. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म बसवणं घरमालकावर २०१५ पासून बंधनकारक आहे, आणि तो रात्री तुम्ही झोपेत असताना उपयोगी पडायचा असतो. फोडणीआधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, किचनचं दार लावून घ्या. स्वयंपाकघरासाठी हीट अलार्म नावाचा वेगळा प्रकार मिळतो. तो धुरावर नाही, उष्णतेवर वाजतो. घरमालकाला तो बसवायला सांगा. मोहरी तडतडली म्हणून तो ओरडत नाही.